शिफ्टच्या आधी दहा मिनिटं व्यायाम : पाठ खरंच वाचते का नुसते फोटो?

चाकणची बस
नमस्कार मंडळी. चाकणला एका वेअरहाऊसमधे सुपरवायझर आहे. गाड्यांचे स्पेअर पार्ट, डीलरकडं जाणारा माल. माझ्या शिफ्टला साठेक पोरं, त्यातली दहा-बारा कंपनीच्या रोलवर, बाकी सगळी कंत्राटी. काम म्हणजे दिवसभर उचल, वाक, ठेव, ढकल. गेल्या सहा महिन्यांत पाच जणांना उसण भरली, एकाचा खांदा धरला आणि एक पोरगा सुट्टी टाकून गावी गेला तो परत आलाच नाही, फोन केला तर म्हणाला साहेब मणक्यात गॅप निघालाय.

आता एचआरनं फतवा काढलाय. सगळ्यांनी शिफ्टच्या दहा मिनिटं आधी यायचं आणि माल चढवायच्या डॉकसमोर रांगेत व्यायाम करायचा. टीव्ही लावलाय, त्यात एक बाई करून दाखवते. मान डावीकडं, मान उजवीकडं, हात वर, खांदे गोल, झालं. पहिल्या दिवशी फोटो काढायला चार लोक आले, दुसऱ्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी मीच.

पोरं विचारतात, साहेब आम्ही दिवसभर माल उचलतो तो काय व्यायाम नाही का? मला उत्तर देता आलं नाही. म्हणून इथं विचारतो. असल्या व्यायामानं दुखापती खरंच कमी होतात का? कुणाच्या कंपनीत केलाय का? आणि बस सव्वासहाला निगडीतून निघते, चाकणच्या तळेगाव चौकात अडकली की सातलाच पोचते, तर दहा मिनिटं आधी यायचं कसं ते पण सांगा.

टवाळ पेठकर
बसमधेच व्यायाम करा. तळेगाव चौकात पूर्ण सूर्यनमस्कार होतील, बाराच्या बारा.

निवृत्त नटबोल्ट
मी एका जपानी कंपनीच्या इथल्या प्लांटला एकवीस वर्षं काढली, तिथं पहिल्या दिवसापासून हे होतं. सात वाजता भोंगा, मग स्पीकरवर पियानो आणि सगळा शॉप फ्लोअर हात वर करून उभा. प्लांट हेड पण. ह्याला ते राजिओ तैसो म्हणतात, म्हणजे रेडिओवरचा व्यायाम. जपानात १९२८ पासून आहे, युद्धानंतर अमेरिकन लोकांच्या काळात बंद पडला होता, १९५१ला परत सुरू झाला. तेरा प्रकार, तीन-सव्वातीन मिनिटांत संपतं.

आमच्या पोरांनी सुरुवातीला फार टिंगल केली. तो रेकॉर्डवरचा माणूस मोजायचा इची, नी, सान, शी. आमच्या लाइनचा एकजण मागून ओरडायचा "विंचू नि सांडशी". शेवटी अख्खी लाइन विंचू नि सांडशी म्हणूनच व्यायाम करायची आणि जपानी साहेबाला वाटायचं वा काय उत्साह आहे.

फायदा झाला का? खरं सांगू, पाठी वाचल्या का नाही ते मला मोजता येणार नाही. पण एक व्हायचं. समोर उभं राहिलं की कळायचं कोण लंगडतोय, कुणाचा हात वर जात नाहीये, कोण रात्रीची उतरायच्या आत आलाय. त्याला त्या दिवशी प्रेसवर लावायचं नाही. हे तीन मिनिटांत कळायचं.

आणि हो, आमच्याकडं भोंगा झाल्यावर व्यायाम व्हायचा. भोंग्याच्या आधी नाही.

तालीमबाज
पोरांना जोर-बैठका मारायला लावा. बाकी सगळी थेरं आहेत. शुक्रवार पेठेत तालमीत आम्ही पोरं होतो तेव्हा वस्ताद म्हणायचे आधी माती खणा मग कुस्ती. तीनशे बैठका मारणाऱ्याची कंबर धरलेली मी बघितली नाही. मान डावीकडं मान उजवीकडं हे काय, लग्नात नवरी बघतात का?

कोथरूडकर काकू
तालीमबाज, आमचे हे पण तालमीतलेच. दोन्ही गुडघे बदललेत. बैठकांचं काही सांगू नका.

तालीमबाज
काकू, काकांनी बैठका सोडल्यावर गुडघे गेले का बैठका मारताना, ते विचारा एकदा :)

फिजिओताई
मी फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातले दोन दिवस भोसरीतल्या दोन कंपन्यांत जाते, त्यामुळं थोडं लांब लिहिते, चालवून घ्या.

आधी तुमच्या पोरांचा प्रश्न, कारण धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तोच आहे. माल उचलणं हा व्यायाम का नाही? व्यायामात मी ठरवते किती वजन, किती वेळा, कधी थांबायचं. आज दहा वेळा, दोन आठवड्यांनी बारा, मधे एक दिवस सुट्टी, स्नायूला भरून यायला वेळ. कामात हे कुणी ठरवतं का? ट्रक ठरवतो. तीच हालचाल, त्याच बाजूला वळून, रोज, अंग भरून यायच्या आत दुसरा दिवस. त्यामुळं शरीर घडत नाही, झिजतं. डॅनिश संशोधक ह्यावर बरीच वर्षं काम करतायत, त्यांचं म्हणणं की फावल्या वेळातली हालचाल तब्येतीला चांगली आणि कामावरची जड मेहनत अनेकदा उलटी, आणि ह्याला ते विरोधाभासच म्हणतात.

आता टीव्हीवरची बाई. नुसतं ताणणं, म्हणजे आपण स्ट्रेचिंग म्हणतो ते, दुखापत टाळायला फारसं उपयोगाचं नाही. ऑस्ट्रेलियात सैन्यात भरती झालेल्या १५३८ जवानांवर प्रयोग झाला, २०००च्या सुमाराला छापून आला. अर्ध्यांनी रोज ट्रेनिंगच्या आधी पाय ताणले, अर्ध्यांनी नाही. बारा आठवड्यांनी पायाच्या दुखापतींत फरक नाही म्हणण्याइतकाच. त्याउलट ज्यात ताकद आणि तोल दोन्ही आहे ते चालतं. फुटबॉलवाल्यांचा इलेव्हन प्लस नावाचा वॉर्मअप आहे, वीस मिनिटांचा. नॉर्वेत शाळकरी वयाच्या मुलींच्या टीमवर तपासला तर दुखापती साधारण एक तृतीयांशानं कमी.

पाठीचं म्हणाल तर २०१६ला वेगवेगळ्या २१ चाचण्या एकत्र करून बघितल्या गेल्या. व्यायाम अधिक माहिती दिली तर वर्षभरात पाठदुखी व्हायचा धोका ४५ टक्क्यांनी कमी, नुसता व्यायाम ३५ टक्के. नुसती माहिती, कंबरपट्टा, बुटातले सोल, ह्यांचा काहीच पत्ता लागला नाही. आणि वर्ष उलटल्यावर नुसत्या व्यायामाचा फायदा टिकलेला दिसला नाही, म्हणजे सोडलं की गेलं.

त्यामुळं उत्तर : होय, पण हा व्यायाम नाही, दुसरा.

एक्सेलशीट
मी सेफ्टीत आहे, दुसऱ्या पट्ट्यात, रांजणगावला. कंबरपट्ट्यावरून आठवलं. आमच्याकडं मागच्या मॅनेजरनं दोनशे पट्टे घेतले, काळे, वेल्क्रोवाले. पोरं ऐटीत घालायची, बाहेर चहाच्या टपरीवर पण घालून जायची. अमेरिकेतली नायॉश नावाची सरकारी संस्था १९९४लाच सांगून बसलीय की धडधाकट माणसाची दुखापत टाळायला पट्ट्याचा उपयोग होतो असा पुरावा नाही. हे मी मीटिंगमधे बोललो तर मॅनेजर म्हणाले दिसायला प्रोफेशनल वाटतं ना.

तिरकस
बोलू का? व्यायामाचं हे सगळं नाटक मला तरी जबाबदारी ढकलण्याचं वाटतं. पाठ गेली की तू व्यायाम नीट केला नाहीस. म्हणजे चूक कामगाराची. पेटी चाळीस किलोची का आहे, रॅक जमिनीला का टेकलाय, माणसं कमी का लावली, हे कुणी विचारायचं नाही.

अमेरिकेत टपाल खात्यात सुमारे चार हजार कामगारांना शिकवलं होतं, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा वगैरे. पाच वर्षांहून जास्त नजर ठेवली. १९९७ला निकाल आला : काही फरक नाही. ताईंनी वर लिहिलंच आहे नुसत्या माहितीनं होत नाही म्हणून. पण आपल्या कंपन्यांत जे होतं ते नेमकं तेच, एक पोस्टर, एक टूलबॉक्स टॉक म्हणजे कामाआधीचं सेफ्टीचं छोटं भाषण, रजिस्टरवर सही.

गुलटेकडी
तिरकस यांना अर्धा पाठिंबा. माझे वडील मार्केटयार्डात हमाल. टोळीत सोळा जण. मी लहान असताना पोतं म्हणजे शंभर किलो, साखरेचं असो का धान्याचं. ट्रकवरून फळीवर, फळीवरून गाळ्यात, पाचव्या-सहाव्या थप्पीवर. त्यांच्या मानेच्या मागं, जिथं पोतं टेकतं तिथं, एक गादीसारखा गोळा होता. मी लहानपणी त्यावर हात ठेवून झोपायचो. मला वाटायचं सगळ्यांच्या बाबांना असतो.

व्यायाम? अण्णा पहाटे उठून चहा प्यायचे आणि निघायचे. पण टोळीत पद्धत होती. नवीन पोराला पहिले काही दिवस पूर्ण पोतं द्यायचं नाही, झाडू, हूक धर, वजनाला मदत कर. मग अर्ध्या वजनाचं. मग खालच्या थप्पीचं. वरची थप्पी शेवटी. मुकादम बघायचा पाय कसा पडतोय. ताई म्हणतात ते हळूहळू वाढवणं, ते हेच असावं.

आणि खरा फरक कशानं पडला तर पोतं पन्नासवर आलं तेव्हा. ते काही कुणी दयेनं दिलं नाही, हमालांचे नेते बाबा आढाव आणि त्यांच्या हमाल पंचायतीनं किती आंदोलनं केली ते यार्डात कुणालाही विचारा. ओझी वाहणाऱ्यांसाठीचा १९६९चा माथाडी कायदा झाला म्हणून निदान बोर्ड, लेव्ही, फंड हे शब्द आमच्या घरात आले. अण्णा म्हणायचे पोतं अर्धं झालं पण व्यापारी म्हणतो आता दुप्पट पळा.

तालीमबाज
गुलटेकडी, फार छान लिहिलंत. अण्णा आता कसे आहेत?

गुलटेकडी
आहेत, ७४ वर्षांचे. मान डावीकडं वळत नाही, डावीकडून कुणी हाक मारली की अख्खे वळतात. यार्डात गेलो की अजून हमाल पंचायतीच्या 'कष्टाची भाकर' खानावळीत जेवायचं असतं त्यांना, घरच्या जेवणाला नावं ठेवतात.

टवाळ पेठकर
कष्टाची भाकरची झुणका-भाकरी आणि वर ठेचा. हा धागा आता खरा मार्गी लागला.

सिस्टर ओव्हरटाइम
जड काम म्हटलं की सगळ्यांना पोती आणि पेट्या दिसतात. मी नर्स आहे, आयसीयूत. नव्वद किलोचा बेशुद्ध पेशंट दर दोन तासांनी कुशीवर वळवून बघा. पेटीला निदान कडा असते धरायला. पेशंट घामानं निसटतो, नळ्या लागलेल्या असतात, आणि मधेच तो घाबरून तुमच्या गळ्यात हात टाकतो. माझी कंबर गेली ती अशीच, आजोबा पडत होते आणि मी पकडले.

आमच्याकडं पण १२ मेला नर्सेस डेला झुंबा ठेवला होता, वेलनेस म्हणून. ड्यूटी संपल्यावर. रात्रपाळी करून झुंबा. मी नाचले नाही, फोटोत आले फक्त.

ज्याचा खरा उपयोग झाला ती गोष्ट म्हणजे सरकवायची चादर. गुळगुळीत कापड असतं, पेशंटखाली घालायचं आणि ओढायचं, उचलायचंच नाही. तीन हजारांच्या आत काम. पण ती कायम धुवायला गेलेली असते. वॉर्डात एक मावशी आहेत, त्यांनी दोन चादरी कपाटात लपवून ठेवल्यात, किल्ली त्यांच्या कमरेला. त्या ज्या दिवशी असतात त्या दिवशी आमच्या पाठी बऱ्या असतात.

फिजिओताई
सिस्टर, तुमच्यासाठीच एक सांगायचं राहिलं होतं. डेन्मार्कमधेच तीन हॉस्पिटलांत २०० महिला कर्मचाऱ्यांवर प्रयोग झालाय. एका गटानं कामाच्या वेळेत, वॉर्डातच, आठवड्यातून पाच वेळा दहा-दहा मिनिटं रबरी पट्टे आणि केटलबेल, म्हणजे मूठ असलेलं लोखंडी वजन, घेऊन व्यायाम केला, सोबत शिकवणारं माणूस. दुसऱ्या गटाला तेवढाच व्यायाम घरी आपापल्या वेळेत करा म्हणून सांगितलं. दहा आठवड्यांनी कामावर करणाऱ्यांचं दुखणं जास्त कमी झालं, पाठीची ताकदही वाढली. घरी करणाऱ्यांचं तेवढं नाही. आणि का ते तुम्हा बायकांना मी समजवायची गरज नाही, घरी गेल्यावर कुकर लावायचा का केटलबेल उचलायची.

धागाकर्त्यांनी एचआरला हेच दाखवावं. दहा मिनिटं आधी बोलवणं म्हणजे तो घरचाच व्यायाम झाला, फक्त पत्ता कंपनीचा.

चाकणची बस
ताई हे वाक्य मी चोरतोय, सोमवारच्या मीटिंगला.

आग्यावेताळ
फायरमन आहे. आमच्याकडं सकाळी पीटी आणि ड्रिल असतंच, ते नोकरीचाच भाग आहे, त्यावर चर्चा नाही. पण तुमच्यात आणि आमच्यात फरक हा की आमचं काम अंग गरम व्हायची वाट बघत नाही. रात्री तीनला घंटा, झोपेतून उठून दोन मिनिटांत गाडीत, आणि मग पेठेतल्या वाड्याचा लाकडी जिना, एका माणसाच्या रुंदीचा, पाठीवर सिलेंडर, हातात पाण्यानं भरलेला होज. तिथं कुठला वॉर्मअप.

त्यामुळं आमच्याकडं वॉर्मअपपेक्षा मुळात ताकद कमवून ठेवणं महत्त्वाचं. कमावलेली असली तर झोपेतून उठल्यावर पण असते. मी स्वतः चाळिशीनंतर पळणं कमी केलं आणि वजनं वाढवली. सिनिअर लोक हसले. आता तेच विचारतात काय करतोस रे.

ढोल नंबर सात
अवांतर आहे पण विचारतो. पथकात ढोल वाजवतो, दरवर्षी गणपतीच्या आधी दोन महिने नदीपात्रात सराव आणि दरवर्षी दुसऱ्या आठवड्यात कंबरेचा डावा भाग जातो. ढोल कमरेला बांधतो, सगळं वजन पुढं. हे पण जड कामच की.

टवाळ पेठकर
त्या नदीपात्रासमोर राहणाऱ्यांच्या डोक्याला होणाऱ्या दुखापतीसाठी कुठला व्यायाम?

फिजिओताई
ढोल, अवांतर नाही, उदाहरण म्हणून उत्तम आहे. तुम्ही दहा महिने ऑफिसात बसता आणि मग एका आठवड्यात शून्यावरून रोज दोन तास. गुलटेकडींच्या मुकादमानं तुम्हाला पहिले आठ दिवस ढोल दिलाच नसता. मेपासून पुढचं सुरू करा : पाठीवर झोपून कंबर उचलणं, कोपरांवर टेकून अंग फळीसारखं सरळ धरणं म्हणजे प्लँक, आणि एका बाजूच्या हातात पाण्याचा कॅन घेऊन घरात सरळ चालणं, तिरकं न होता. सरावाला पहिल्या आठवड्यात वीस मिनिटं. पट्टा एका खांद्यावरून घेत असाल तर बाजू बदला.

तिरकस
सगळं ठीक, पण ताई, माझ्या मुद्द्याला तुम्ही बगल दिलीत. पेटीचं वजन?

एक्सेलशीट
ते मी सांगतो, माझंच खातं आहे. १९४८च्या फॅक्टरी कायद्यात, जो २०२५पर्यंत लागू होता, कलम ३४ होतंच की इजा होईल इतकं वजन कुणाला उचलायला लावायचं नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं १९६७ला पुरुषांसाठी ५५ किलोची शिफारस केली. पण हे वजन उचलता येईल का एवढंच बघतं. नायॉशचं सूत्र जास्त कामाचं आहे. ते सुरू होतं २३ किलोपासून, आणि ते पण सगळं मनासारखं असेल तर : वस्तू अंगालगत, हात सोडले तर मूठ येते त्या उंचीला, धरायला कडा, कंबरेत वळायचं नाही, सारखं सारखं उचलायचं नाही. एकेक गोष्ट बिघडली की त्या २३ला कात्री. वस्तू अंगापासून २५ सेंटीमीटरवर असली तर २३, ५० सेंटीमीटरवर गेली की निम्मं, साडेअकरा. म्हणजे तीच पेटी, पण रॅकच्या आत खोल ढकललेली असली तर दुप्पट जड समजा.

चाकणची बस, एक काम करा. तुमच्या पाच उसणी कुठं भरल्या ते लिहून काढा. माणूस नको, जागा. कुठली ओळ, कुठला खण, किती वाजता.

निवृत्त नटबोल्ट
हे शंभर टक्के. आमचे जपानी साहेब कामगाराला कधी विचारायचे नाहीत कसं लागलं. जाऊन तिथं उभे राहायचे, त्याच जागी, तासभर. एकदा एक साहेब सकाळपासून एका कोपऱ्यात उभे, आम्हाला वाटलं ह्यांना काय झालं, पाणी विचारलं तर नुसती मान हलवली. दुपारी म्हणाले हा डबा दहा सेंटीमीटर वर घ्या. बस.

कोथरूडकर काकू
माझी कामवाली बाई विचारते की तिच्यासाठी पण काही आहे का, ती चार घरं फरशी पुसते वाकून. मी मॉप आणून दिला तर म्हणते मॉपनं कोपरे निघत नाहीत. आता मीच कोपरे सोडून दिलेत.

चाकणची बस
मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, शिफ्ट बदलली होती. बरंच झालंय, सांगतो.

एक्सेलशीटनी सांगितलं तसं मी रजिस्टर काढलं आणि पोरांना एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. पाचातल्या चार उसणी एका ओळीत. सी ओळ, सगळ्यात खालचा खण. तिथं ब्रेक ड्रम आणि बॅटऱ्या. कारण आमच्याकडं पहिल्यापासून नियम, जड माल खाली. रॅक आडवा होऊ नये म्हणून कुणीतरी कधीतरी ठरवलेलं, आणि ते मला पण बरोबरच वाटायचं. मी स्वतः तिथं उभा राहिलो, नटबोल्ट काकांच्या साहेबासारखा. पोरगं गुडघ्यावर बसतं, डोकं रॅकमधे घालतं, हात लांब करून पेटी ओढतं, अर्धी बाहेर आली की तसंच वळून उठतं. दिवसभरात कितीतरी वेळा. मी तीन वेळा करून बघितलं आणि चौथ्यांदा केलं नाही.

रॅकवाल्याला बोलावून विचारलं, तो म्हणाला मधल्या खणाला एवढा भार आरामात चालतो, बीमवर लिहिलेलंच आहे. लिहिलेलं होतं. सहा वर्षं लिहिलेलं होतं. आता ड्रम आणि बॅटऱ्या कमरेच्या उंचीला आणि खाली वायपर, फिल्टर, हलकं सामान. खर्च म्हणजे एक रविवार आणि पोरांचा वडापाव.

व्यायामाचं : मीटिंगमधे ताईंचं वाक्य टाकलं. एचआर मॅडम म्हणाल्या प्रॉडक्शनची दहा मिनिटं कोण देणार. मी म्हणालो जो पोरगा गावी गेला त्याच्या जागी नवीन पोरगा शिकवायला मी किती दिवस घालवले ते मोजा. बरीच घासाघीस होऊन पहिल्या शिफ्टला सात ते सात दहा, पंचिंग झाल्यावर. टीव्ही बंद. आमच्याकडं एक मामा आहेत, पन्नाशीचे, पूर्वी तालमीत जायचे, ते पुढं उभे राहून मोजतात. बैठका, पण खुर्चीच्या उंचीपर्यंतच, भिंतीवर जोर, कंबरेतून न वाकता नितंब मागं टाकून वाकायची सवय, आणि रबरी पट्टा ओढणं. ज्यांची पाठ आधीच दुखते त्यांना वेगळं उभं करतो, ते फक्त चालतात.

दुसऱ्या शिफ्टचा कंत्राटदार मात्र ऐकत नाहीये. म्हणतो दहा मिनिटांचे पैसे कोण देणार, माझी पोरं तशीच टणक आहेत. तिथं सध्या काहीच नाही.

तीन आठवड्यांत नवीन उसण नाही, पण तीन आठवडे म्हणजे काय, मला पण कळतं.

तालीमबाज
मामांना माझा नमस्कार सांगा. तालीम कुठली विचारा.

तिरकस
मी चुकलो असं नाही म्हणणार, कारण रॅकच जिंकलाय. पण पंचिंगनंतर घेतलंत ह्याबद्दल तुम्हाला सलाम.

फिजिओताई
खूप छान. एकच सुधारणा. रात्री झोपल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, सकाळी आपण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर उंच असतो ते त्यामुळंच. फुगलेल्या चकतीवर वाकल्याचा ताण जास्त येतो, त्यामुळं सकाळी पहिल्या तासात खोल वाकायचे प्रकार नकोत. तुमची पोरं पाचला उठून पाऊण तास बसमधे बसून येतात, म्हणजे सातला चकत्या अजून बऱ्यापैकी फुगलेल्याच. पायाला हात लावायचा प्रकार मामा घेत असतील तर काढा. आणि जमलं तर पहिल्या तासात खालच्या खणातून माल काढणं, म्हणजे पिकिंग, कमी ठेवा.

चाकणची बस
घेतात. मामांचा आवडता तोच आहे. स्वतःचे तळवे जमिनीला टेकवून दाखवतात रोज. काढायला सांगतो, रुसतील.

पट्ट्यांचा प्रश्न राहिलाय. एचआरनं दहाच रबरी पट्टे मंजूर केलेत साठ जणांत. स्वस्तात कुठं मिळतील? बोहरी आळी?

आग्यावेताळ
बोहरी आळी कशाला. सायकलची जुनी ट्यूब घ्या, पंक्चरवाल्याकडं ढीग पडलेला असतो, चहाच्या पैशात देतो. आम्ही तेच वापरतो.

चाकणची बस
हे भारी. ट्यूब कापायची कशी पण? गोलच वापरायची का?

आग्यावेताळ
व्हॉल्वच्या दोन्ही बाजूंनी चार बोटं सोडून कापा, व्हॉल्वचा तुकडा फेकून द्या, नाहीतर ओढताना तोंडावर बसतो. आतली पांढरी पावडर धुवून घ्या, काळ्या शर्टवर डाग पडतात. आणि रॅकच्या खांबाला बांधू नका, डॉकच्या रेलिंगला बांधा.